समोय नसलेला हेल

“मग तो शब्द काढून तिथे काय घालू?”

“डोकं घाल तुझं.”

पलागा म्हातारीने मान वर केली नाही. मांडीवर परात, परातीत मासोळ्या, हातात झिजलेली सुरी. खवले उडत होते आणि तिच्या बाह्यांना चिकटत होते.

हेक्ला दारातच उभी होती. बुटांना बर्फ, डोळ्यांना सूज. घरी आई बाकावर निजवलेली, आंघोळ घालून, स्वच्छ कपडे चढवून. उद्या सकाळी पुरायची.

“आजी, मी थट्टा करायला आले नाही.”

“मीही मासे थट्टेने साफ करत नाही. दार लाव आधी. थंडीला मी जेवायला बोलावलेलं नाही.”

हेक्लाने दार असं आपटलं की भिंतीवरचं जाळं हललं.

आता हे घडलं कुठे, तर फार लांब, पार उत्तरेला. तिथला समुद्र हिवाळ्यात गोठून फरशीसारखा होतो आणि माणसं त्याच्यावरून घसरगाड्या ओढत नेतात. त्या किनाऱ्याला इंग्रिया म्हणतात आणि तिथल्या माणसांना इझोर. मूठभर गावं, मूठभर माणसं. पण बोली त्यांची स्वतःची, इंग्रियन.

त्या बोलीत लहान होतं, मोठं होतं, गोड होतं, कडू होतं. मोठ्याहून मोठंही होतं. पण ‘सगळ्यात मोठं’ म्हणायची वेळ आली की इझोर माणूस म्हणायचा, ‘समोय’. समोय मोठा मासा. समोय थंड रात्र. समोय आळशी जावई.

शब्द काही घरचा नव्हता. शेजारच्या रशियन लोकांचा. त्यांच्या तोंडी तो ‘सामी’, यांच्या तोंडी येईपर्यंत झाला ‘समोय’. बाजारातून मिठाबरोबर आला की कुणा पाहुण्याच्या मागोमाग आला, कोण सांगणार? आला आणि चुलीपाशी मांडी घालून बसला. त्याला ऊठ म्हणून कुणी म्हटलं नाही.

हेक्लाने म्हटलं.

तिचं कारण होतं. पानगळीच्या दिवसांत तीच भाषा बोलणारे शिपाई गावात आले आणि तिच्या भावाला, ओन्त्रोला, घेऊन गेले. का नेलं ते सांगितलं नाही. कुठे नेलं तेही नाही. त्या दिवसापासून आई दाराकडे तोंड करून बसली ती बसलीच. पाठीमागून हाक मारली तरी वळायची नाही. बर्फ पडला, समुद्र गोठला, आणि एका सकाळी ती बसल्या जागी गेली. मेली तेव्हाही तोंड दाराकडेच.

आईचे डोळे मिटताना हेक्लाने ठरवलं. त्या लोकांचा एक शब्द आता आईच्या कानावर जाऊ द्यायचा नाही. एकसुद्धा नाही.

आणि कानावर तर घालायचंच होतं. त्या मुलुखात मेलेल्याला मुकं पुरत नाहीत. लेकीने कबरीशी उभं राहून हेल काढायचा. हेल म्हणजे नुसतं रडणं नव्हे. सुरात, शब्दाला शब्द जुळवत, मेलेल्याचं नाव न घेता त्याच्याशी बोलायचं. ते ऐकून पलीकडचे लोक फाटक उघडतात, अशी तिथली समजूत. लेकीचा हेल गेला नाही, तर मेलेलं माणूस फाटकाबाहेर बर्फात उभं राहतं.

हेक्लाच्या आईला आता हेक्लाच उरली होती.

पण उठली आणि हेल काढला, असं चालत नसे. पलागा ज्या पोरीला ‘हो’ म्हणेल तिनेच कबरीशी जायचं. बाकीच्यांनी मागे उभं राहून डोळे पुसायचे. हेक्ला तिच्या हाताखाली काही हिवाळे शिकली होती. त्या किनाऱ्यावर तिच्यासारखा गळा नव्हता. आणि हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती, तिला ठाऊक होतं.

“बरं,” पलागा म्हणाली, “काय काय काढलंस?”

“क्रूस काढला. तो शब्दही त्यांचाच.”

“आणि?”

“खिडकी काढली.”

सुरी थांबली.

“खिडकी?”

“ते म्हणतात ओक्नो, आपण म्हणतो अक्कुना. कुणाची आहे ते बहिऱ्यालाही कळेल. नको मला.”

“आई गेली तेव्हा जीव बाहेर जायला काय उघडलंस?”

हेक्ला बुटांकडे बघू लागली.

“काय उघडलंस, विचारते.”

“…खिडकी.”

“मग हेलात काय म्हणणार आहेस?”

“भिंतीतलं भोक.”

“उंदीर होती का तुझी आई?”

हेक्लाचे कान तापले. तिने बुटांचा बर्फ मुद्दाम पलागाच्या झाडलेल्या जमिनीवर आपटून झाडला. म्हातारीने पाहिलं. एक मासोळी उचलली, तिचं पोट फाडलं.

“बाकी सगळं निघालं, आजी. एक तेवढा निघत नाही. समोय. ओळीओळीत येतो मेला. त्याच्यावाचून आईला काही म्हणताच येत नाही. तू जुनी आहेस. तुझ्या आजीच्या आजीकडे त्याच्या जागी काहीतरी असेलच की!”

“असेल.”

“काय होतं?”

“ती मेली. जा, विचारून ये.”

“आज तरी नीट बोल माझ्याशी!”

पलागाने परात खाली ठेवली. बादलीत हात धुतले, पुसले. मग भिंतीजवळच्या बाकावर जाऊन ती आडवी झाली. पाय दाराकडे केले, हात छातीवर घेतले, आणि खुंटीवरचा पंचा ओढून तोंडावर टाकला.

ही तिची शिकवायची रीत. हेल मेलेल्यासाठी असतो, मग मेलेलं माणूस समोर नको? ते दुसरं कोण होणार? तीच व्हायची. हेल नीट चालला असेल तोवर ओंडक्यासारखी निपचित. चुकला, की टुणकन उठून बसायची. नव्या पोरी किंचाळायच्या. एक तर पळून गेली होती, ती पुन्हा आलीच नाही.

“मी तुझी आई,” पंच्याखालून आवाज आला. “मला पोचव.”

हेक्लाने डोकं झाकलं. श्वास घेतला. आणि सूर लावला.

काय सांगावं त्या आवाजाचं! बाहेर लाकडं फोडणारा शेजारी कुऱ्हाड हातात तशीच धरून थांबला.

“जिच्यावर कुणीच नाही अशी गोड, माझ्या उबेच्या घरट्या,
जिच्यावर कुणीच नाही अशी जवळची, माझ्या पहाटेच्या दिव्या…”

म्हातारी उठून बसली. पंचा तोंडावर तसाच लोंबत.

“कोण आलंय?”

“मी आहे. हेक्ला.”

“कोण हेक्ला? आमच्या घरात असं कुणी बोलत नव्हतं. जिच्यावर कुणीच नाही… हा पाद्री झगा सोडून परकर नेसून आलाय का?”

“शुद्ध आहे ते! एकही शब्द त्यांचा नाही त्यात!”

“माझ्या लेकीचाही नाही. मी ओळखत नाही तुला. फाटकाशी मला विचारतील, ही रडतेय ती तुझी कोण? मी काय सांगू? वाट चुकलेली बाई आहे म्हणू?”

आणि पुन्हा आडवी झाली.

हेक्लाने ओठ चावला. मनात म्हणाली, ठीक आहे, बदली शब्द नको तर नको. ती जागा रिकामीच ठेवते.

“…गोड, माझ्या उबेच्या घरट्या,
…जवळची, माझ्या…”

म्हातारी उठून बसली.

“का थांबलीस?”

“थांबले नाही. तिथे काही नाही.”

“आहे. मला ऐकू येतंय. चघळून गिळतेयस तू.”

“गिळेन नाहीतर थुंकेन. बोलणार नाही.”

“आपल्यात प्रेत नेताना वाटेत खाली ठेवतात का गं?”

“नाही.”

“दम लागला तर?”

“तरी नाही.”

“मग उचल.”

“नाही उचलणार!”

पलागाने पंचा तोंडावरून काढला. डोळे लाल. धुराने की कशाने, देव जाणे.

“मग ऐक. उद्या कबरीशी मी उभी राहते. तू मागे राहा, पोरीबाळींत. डोळे पूस. सगळे म्हणतील, बिचारीला शोक आवरला नाही.”

“माझी आई आहे ती!”

“दोन वेळा रडलीस. दोन्ही वेळा तुझी दिसली नाही.”

“तू मला अडवू शकत नाहीस.”

“मी कुणालाच अडवत नाही. लोक मला विचारतात, एवढंच. उद्या विचारतील. मी सांगेन, पोरीचा गळा सोन्याचा आहे, पण ती आईशी बोलत नाहीये. शिपायांशी बोलतेय.”

हे लागलं. हेक्ला पुढे झाली. हात उचलला का तिने? उचलला होता. म्हातारीवर. मग तो हात कुठे ठेवावा ते तिला कळेना.

“मार,” पलागा म्हणाली. “पण मी मेलेली आहे, मला समजायचं नाही. माझ्याशी कशाला भांडतेस? तिच्याशी भांड.”

आणि पंचा तोंडावर ओढून ती निजली.

चुलीत एक लाकूड तडकलं.

हेक्लाने बाकाकडे पाहिलं. तोंड झाकलेलं. लोकरीचे मोजे, टाचेला ठिगळ. आणि पावलं… पावलं दाराकडे.

“दाराकडे काय बघतेस?” ती हळू म्हणाली.

ती बाकाजवळ सरकली.

“काय आहे दाराकडे? तो येणार नव्हता. सगळ्या गावाला ठाऊक होतं. तुलाही ठाऊक होतं. मी मागे उभी होते… वाडगं घेऊन मागे उभी असायचे मी. सूप गार व्हायचं. मी पुन्हा तापवायचे. तू वळली नाहीस.”

तिचा आवाज चढला. मूठ बाकाच्या कडेवर आपटू लागली, आणि आपटता आपटता तिला ताल लागला. कुणी लावला नाही. लागला.

“एक लेक नेला, तर दुसरी दिसेनाशी झाली का गं तुला?
समोय आंधळी तू, माझ्या उबेच्या घरट्या!
त्यांनी एकाला नेलं, तू दुसरीला टाकलंस,
समोय निर्दय तू, माझ्या पहाटेच्या दिव्या!
समोय धाकटी म्हणायचीस मला, मांडीवर घ्यायचीस,
आता समोय एकटी झाले, मला कुणाच्या दारात ठेवलंस?
मागे वळ! एकदा मागे वळ! समोय कठीण मनाची,
समोय माझी, समोय माझी…”

पुढे शब्द नव्हतेच. नुसता सूर, तोही फाटका. किनाऱ्यावरच्या त्या सोन्याच्या गळ्यातून शेवटी ओरखडल्यासारखा आवाज निघाला, आणि बंद झाला.

हेक्ला धापा टाकत उभी राहिली. आता उठेल, ती मनात म्हणाली. आता उठून बसेल आणि माझी लाज काढेल. मेलेल्या आईला शिव्या घातल्या मी.

तिने वाट पाहिली…

म्हातारी उठली नाही.

पंचा तेवढा श्वासाबरोबर वर होत होता, खाली होत होता. मध्येच एकदा तो वर झाला आणि तसाच राहिला, जरा जास्तच वेळ.

मग हेक्लाला आपल्या तोंडातून तो शब्द किती वेळा गेला ते आठवलं. ती दार उघडून बाहेर धावली, मूठभर बर्फ घेतला आणि ओठांवर, जिभेवर घासला. रक्त येईपर्यंत घासला.

आत आली तेव्हा पलागा पुन्हा परात घेऊन बसली होती.

“उद्या तू,” ती म्हणाली. “आणि खिडकी परत घाल. भोक म्हणालीस तर तिथेच चपराक देईन, कबरीसमोर.”

“आणि तो शब्द? तो पुन्हा आला तर?”

“चार मासोळ्या घेऊन जा. काही खाल्लेलं दिसत नाही तू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पाईनच्या झाडांखाली आईला नेलं. जमीन लोखंडासारखी. पुरुषांनी आदल्या दिवसापासून वर शेकोटी पेटवून ती मऊ केली, तेव्हा कुठे कुदळ शिरली.

एक शिपाईही आला होता. चार माणसं कुठे जमली की यायचाच कुणीतरी, बंदूक घेऊन, काय बोलतात त्यावर नजर ठेवायला. भाषा त्याला येत नव्हती. झाडाला टेकून तो उभा राहिला, पाय आपटत. वय चाळिशीकडे झुकलेलं, मिशीवर बर्फ. भावाला नेणाऱ्यांत तो होता की नव्हता, हेक्लाला सांगता आलं नसतं. तिच्या दृष्टीने होता.

पलागा बाजूला झाली आणि हेक्लासाठी तिने वाट केली.

हेक्लाने हेल काढला. रागाने काढला. दाराबद्दल बोलली, गार झालेल्या सुपाबद्दल बोलली. खिडकी होती, क्रूस होता. बायकांनी पदराआड तोंड लपवावं तसे रुमाल ओढून घेतले. लाकडं फोडणारा शेजारी सगळ्यांकडे पाठ फिरवून उभा राहिला. आणि ओळ त्या जागेशी आली. तिथे ती अडली… आणि तिने उचललं.

“समोय आंधळी तू, माझ्या उबेच्या घरट्या…”

शिपायाने मान वर केली.

एवढ्या रडण्यातलं त्याला तेवढंच कळलं असावं. परमुलुखातल्या बाजारात मागून कुणी आपल्या गावच्या नावाने हाक मारावी, तशी त्याची मान वळली. पाय आपटायचे थांबले. मग त्याने टोपी काढली आणि हेल संपेपर्यंत तशीच हातात धरली. उघड्या डोक्यावर बर्फ पडत राहिला.

हेक्लाने ते पाहिलं. हेल तिने पुरा केला, एक ओळ सोडली नाही. पण पाहिलं.

माती लोटली गेली. माणसं उतरणीला लागली. हेक्ला पलागाच्या मागे मागे, दात आवळून. गाव दिसू लागलं तेव्हा तिच्याने राहवेना.

“पाहिलंस ना?”

“काय?”

“टोपी काढली त्याने. त्याला कळलं! आई माझी, रडणं माझं, आणि त्यात त्याला त्याचं काहीतरी सापडलं! माझ्या आईच्या कबरीवर तो त्याच्या आईसाठी उभा राहिला असेल!”

“असेल.”

“असेल? एवढंच?” हेक्लाने तिची बाही धरली आणि तिला थांबवलं. “आज म्हटला. आईसाठी म्हटला, तू म्हणालीस म्हणून म्हटला. पण आता बास. उद्यापासून तो शब्द माझ्या तोंडात नाही, आणि तुझ्याही नको. मी गावात सगळ्यांना सांगणार आहे. त्यांचा आहे ना? फेका त्यांच्या अंगावर! घेऊन जा म्हणावं!”

पलागाने नजर गावाकडे वळवली.

मग हेक्ला ते बोलली, जे गावात कुणी त्या म्हातारीच्या तोंडावर बोलत नसे.

“ओन्त्रोच्या आधी तुझे दोघे नेले त्यांनी. दोघेही, एकाच सकाळी. आणि तू त्यांचा शब्द पोरींना शिकवतेस, मेलेल्यांच्या कानात घालतेस. तुझी जीभ कशी जळत नाही गं, म्हातारे?”

वारा पडला होता. उतरणीवरची माणसं पुढे निघून गेली होती.

पलागाने आपली बाही सोडवून घेतली. हेक्लाला वाटलं, आता थोबाडीत बसणार. म्हातारीचे ओठ पांढरे पडले होते. इतकी रागावलेली तिला कुणी कधी पाहिली नव्हती.

“दोन मुलगे नेले त्यांनी माझे,” ती म्हणाली. “त्यांच्याकडून माझ्या हाती लागलाय तो हा एवढा एकच शब्द… आणि तोही तू परत देऊन टाकायला निघालीस?”